माळ कोणाचा आणि नफा कोणाचा?

सरकारचे दोन कायदे सध्यां आमच्या शेतकऱ्याच्या बांधावर एकाच वेळीं येऊन उभे राहिले आहेत. एक म्हणतो, रस्ते बांधा, खाणी खणा, कारखाने काढा, पण जेवढें रान मोडाल तेवढ्याची भरपाई दुसरीकडे करून द्या. दुसरा म्हणतो, जमीन किंवा घर विकून जो नफा झाला त्यांतला सरकारचा वाटा आणून द्या. दोन्ही गोष्टी न्यायाच्या आहेत हें आम्ही आधींच कबूल करून टाकतों. नाहींतर आमच्यावर असा आरोप यायचा कीं, हे लोक कराचें नांव निघालें कीं ओरडतात आणि झाडाचें नांव निघालें कीं कुऱ्हाड शोधतात. आमचें भांडण न्यायाशीं नाहीं. न्याय मोजायला जो मापाडी बसविला आहे त्याच्याशीं आहे. त्याचें माप आपल्या सोलापूर जिल्ह्यांत कसें पडतें तें आज पाहूं.

नान्नजचा माळ सर्वांस ठाऊक आहे. १९७९ सालीं सरकारनें माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर केलें. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचें क्षेत्र पुढें सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर धरलें गेलें. हा आंकडा केवढा? सबंध सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. म्हणजे अर्ध्या जिल्ह्याहून मोठा प्रदेश पाखराच्या नांवें लिहिला गेला. त्यांत वनखात्याचें रान थोडें. बाकी लोकांचीं शेतें, वस्त्या, गांवठाणें, सगळें आलें. कुणबी रात्रीं निजला तो शेताचा मालक म्हणून, आणि सकाळीं उठला तो अभयारण्याचा रहिवासी म्हणून! त्याला विचारायला कोणी साहेब त्याच्या ओसरीवर जाऊन बसले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें तेहेतीस वर्षें कारखाना म्हणा, बिगरशेती म्हणा, रस्ता म्हणा, कीं वन्यजीव खात्याची परवानगी आडवी. २०१२ सालीं तें क्षेत्र उतरवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर केलें गेलें. सात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेश जसा कागदावर आंत आला तसाच कागदावर बाहेर पडला. मधल्या तेहेतीस वर्षांचें भाडें पाखरानें दिलें नाहीं, तें त्याचें कामहि नव्हे. पण सरकारनेंहि दिलें नाहीं.

बरें, एवढा प्रदेश बांधून पाखरूं तरी राहिलें काय? माळढोक उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशानें, एका विणीला बहुधा एकच अंडें घालतो. त्याला दाट झाडी नको, आणि उंच विजेच्या तारा तर नकोतच. अंगानें जड, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाहीं, आणि तो आपटून मरतो. राजस्थान-गुजरातेंतल्या अशाच तारा जमिनीखालून न्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं हुकूम दिला होता आणि २०२४ सालीं तो बराच सैल केला. माळढोकाला हवी ती कोरडवाहू ज्वारी-बाजरी, करडई, नाकतोडे, टोळ, आणि कुसळीचें, मारवेलाचें, पवन्याचें गवत. म्हणजे जें गरीब शेतकऱ्याचें रान तेंच ह्याचेंहि रान. उजनीचें पाणी आलें, ऊस आला. आज जिल्ह्यांत तीसच्या वर साखर कारखाने धूर सोडतात. पाणी आलें याचें दुःख आम्हांस कां व्हावें? पण माळ नांगरले गेले, तारा ओढल्या गेल्या, आणि जो पक्षी पूर्वीं नान्नजला डझनावारी दिसे तो आतां एखादा दिसला तर वर्तमानपत्रांत बातमी होते. नियम माणसांना लागला. पाखराला त्याचा उपयोग झाला नाहीं.

आतां भरपाईचा हिशेब बघा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानें असें ठरलें कीं वनजमीन दुसऱ्या कामीं घेतली तर तिच्या बदल्यांत दुसऱ्या जमिनीवर झाडें लावावीं आणि पैसा भरावा. तो पैसा वर्षानुवर्षें सांचत राहिला. त्यासाठीं २०१६ सालीं स्वतंत्र निधीचा कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें केंद्रानें राज्यांच्या हवालीं ४७,४३६ कोटी रुपये केले. पैसा आहे. मग घोडें अडतें कोठें? तें अडतें ‘झाड’ या एका शब्दापाशीं. खात्याच्या वहींत जेथें झाड नाहीं ती जमीन पडीक. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी माळरान हें पडीक म्हणूनच रंगविलेलें आहे. जेथें आमच्या धनगराचीं मेंढरें पावसाळ्यानंतर चार महिने पोट भरतात, जेथें काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, धाविक नांदतात, तें सारें पडीक! आणि पडीक म्हटल्यावर तेथें खड्डे खणायला मोकळीक. सोलापुरांत पाऊस साडेपांचशे मिलिमीटरांच्या आसपास. मुरुमावर वीतभर माती. अशा ठिकाणीं निसर्गानें गवत लावलें तें कांहीं चुकून नव्हे. पण गवताची मोजदाद करायला कोणी तयार नाहीं. खुद्द नान्नजच्या बाजूला माळावर ग्लिरिसिडियासारखीं परकीं झाडें लावलीं गेलीं होतीं, आणि मग तीं पाखराला अडथळा करतात म्हणून काढण्याची भाषा करावी लागली. लावणाऱ्याचें बिल निघालें, काढणाऱ्याचेंहि निघेल. मेंढपाळाचें काय निघालें? कुंपण!

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जंगलखात्यानें गांवचीं गायरानें, डोंगर गिळल्याची तक्रार आहे. त्याला आतां एकशें चाळीस वर्षें उलटलीं. तेव्हांच्या जंगलखात्याला लांकूड हवें होतें, आतांच्याला भरपाईचीं झाडें हवीं आहेत. गांवाच्या गुराला दोन्ही वेळां काठीच मिळाली.

यावर कडी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्यें ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम आले. ग्रीन क्रेडिट म्हणजे काय तें सोप्या भाषेंत सांगतों. एखाद्या कंपनीनें वनखात्यानें दाखविलेल्या उजाड जमिनीवर झाडें लावण्याचा खर्च केला, तर तिच्या खात्यावर पुण्य जमा होईल, आणि तें पुण्य पुढें दुसरीकडे रान मोडण्याच्या भरपाईंत वळतें करतां येईल. फेब्रुवारी २०२४ मध्यें हिशेब ठरला तो असा: एका झाडाला एक क्रेडिट, आणि हेक्टरीं किमान अकराशें झाडें. त्यावर पुष्कळ टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्यें नियम बदलले. आतां पांच वर्षें झाल्याखेरीज पुण्य मिळत नाहीं, आणि झाडांचें छत्र किमान चाळीस टक्के जमिनीवर धरलेलें पाहिजे. लावलें आणि पळालें हा प्रकार त्यानें थांबेल, तेवढें चांगलें. पण वाचकहो, चाळीस टक्के सावली म्हणजे आमच्या माळाला काय? कुसळीला ऊन लागतें. मारवेलाला ऊन लागतें. माळावर चाळीस टक्के सावली धरली कीं गवत गेलें, गवत गेलें कीं मेंढरूं गेलें, आणि मेंढरूं गेलें कीं जो कुणबी पीक निघाल्यावर शेतांत धनगराच्या मेंढ्या बसवून खत घेतो त्याचें खतहि गेलें. एवढें करून कागदावर मात्र जीवसृष्टींत ‘वाढ’ झाली.

विलायतेंतहि असाच कायदा आहे, आणि त्यापासून शिकण्याजोगें आहे म्हणून सांगतों. इंग्लंडांत २०२१ च्या पर्यावरण कायद्यानें असें ठरलें, आणि १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना तें लागू झालें, कीं बांधकामापूर्वीं त्या जागेवर जेवढी जीवसृष्टी होती तिच्यापेक्षां निदान दहा टक्के अधिक करून दाखवावी आणि ती तीस वर्षें टिकवावी. त्या मोजणींत नुसतीं झाडें मोजत नाहींत. गवताळ रानाला, पाणथळीला, कुंपणाच्या झुडपांना वेगवेगळी किंमत आहे. आणि बांधणाऱ्याला आपल्या जागेंत वाढ दाखवितां आली नाहीं, तर तो शेजारच्या शेतकऱ्याशीं करार करून त्याच्या जमिनीवर ती वाढवून घेऊं शकतो व त्याचे पैसे त्या शेतकऱ्याला देतो. तेथेंहि सवलतींच्या फटी आहेत आणि वकील त्यांतून निसटतात. राज्य साहेबाचें म्हणून सगळें सोन्याचें असें मानायचे दिवस गेले. पण गवताला किंमत आणि गवत राखणाऱ्याला पैसा, हीं दोन तत्त्वें तरी तेथें कायद्यांत लिहिलीं आहेत. आमच्याकडे गवताला किंमत नाहीं आणि राखणाऱ्याला दंड आहे.

आतां दुसऱ्या कायद्याकडे वळूं. मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरचा कर हिंदुस्थानांत पहिल्यानें १९४७ च्या अंदाजपत्रकांत आला, वर्षादोन वर्षांत उठला, आणि १९५६ सालीं पुन्हां आला तो आजतागायत आहे. शेतजमीन पूर्वीं त्यांतून सगळीच सुटलेली होती; १९७० सालीं शहराजवळची शेतजमीन त्यांत ओढली गेली. खेड्यांतल्या शेतजमिनीला हा कर अजूनहि नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं, आणि म्हणूनच ‘कर भरावा लागेल, त्यापेक्षां मला रोखीनें स्वस्तांत दे’ असें सांगणाऱ्या दलालाचें फावतें. सबब नियम नीट ध्यानांत घ्या. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक लाख ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून सहा, आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन शहरी धरतात. अंतर सरळ रेषेंत मोजतात, गाडीवाटेनें नव्हे. २०११ च्या जनगणनेंत सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाखांवर होती, म्हणून येथें सहा किलोमीटर. बार्शी लाखाच्या वर, म्हणून तेथेंहि सहा. पंढरपूर लाखाच्या थोडें आंत राहिलें, म्हणून तेथें दोन. पुढच्या जनगणनेंत सोलापूर दहा लाखांपुढें गेलें कीं सहाचे आठ होतील, आणि पंढरपूर लाखापुढें गेलें कीं दोनाचे सहा. शेतकरी जागचा हलणार नाहीं. त्याची जमीनच शहराकडे सरकत येईल.

१९९२ सालीं सोलापूर महापालिकेची हद्द वाढली. बाळें, शेळगी, मजरेवाडी, कुमठें हीं गांवें शहरांत आलीं. ज्यांच्या शेतांत ज्वारी उभी होती त्यांची जमीन रात्रींतून शहरी मालमत्ता झाली. ज्यांनीं ती नंतर विकली त्यांना कर. ज्यांनीं हद्दवाढीची कुणकुण आधीं लागतांच शेतकऱ्याकडून मातीमोल घेतली आणि पुढें प्लॉट पाडून विकली, त्यांनाहि कर. पण त्यांच्याकडे हिशेबनीस होते, आणि आमच्या माणसाकडे सातबाराचा चुरगळलेला उतारा.

२३ जुलै २०२४ पासून या कराची घडण बदलली. आधीं दर वीस टक्के होता, पण महागाईच्या मानानें खरेदीची किंमत वाढवून धरीत. आतां दर साडेबारा टक्के, आणि महागाईची वजावट नाहीं. फक्त त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या जमिनीला आणि घराला, देशांत राहणाऱ्या माणसाला व हिंदु एकत्र कुटुंबाला, जुनें-नवें यांतलें जें कमी तें निवडण्याची मुभा ठेविली आहे. साडेबारा हा आंकडा वीसपेक्षां लहान दिसतो, म्हणून लोक खूष झाले. उदाहरण घेऊं. सोलापुरांतल्या एका विणकरानें २०१५-१६ सालीं दहा लाखांना घर घेतलें आणि २०२५-२६ मध्यें पंधरा लाखांना विकलें. सरकारचाच महागाईचा आंकडा त्या काळांत २५४ वरून ३७६ वर गेला. म्हणजे त्याचे दहा लाख महागाईनें चौदा लाख ऐंशी हजारांच्या घरांत पोंचले. खरा नफा वीस हजारांच्या आसपास. इतर सुटी बाजूस ठेवल्या तर जुन्या रीतीनें कर सुमारें चार हजार. नव्या रीतीनें पांच लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे साडेबासष्ट हजार! ह्या विणकराला निवड आहे म्हणून तो वांचला. पण २३ जुलै २०२४ नंतर घर घेणाऱ्या त्याच्या मुलाला ही निवड नाहीं. तो महागाईलाच नफा समजून कर भरील. शेअरबाजारांतल्या धन्याला मात्र शेअर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यांत वर्षाला पहिले सव्वा लाख माफ आहेत, आणि २००४ ते २०१८ या काळांत तर बाजारांत विकलेल्या शेअरांचा तो सगळाच नफा माफ होता. माग, घर आणि गोठा यांना अशी माफी देण्याचें कोणास सुचलें नाहीं.

नफ्यावर कर असूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. जो नफा मेहनतीनें झाला नाहीं त्यावर पहिला हक्क सर्वांचा. जमिनीची किंमत चढते ती कशानें? कागदावर ओढलेल्या रेघेनें. अभयारण्याची रेघ मागें सरली, महामार्गाची रेघ पुढें आली, शहराची हद्द वाढली, पिवळ्या पट्ट्याचा हिरवा झाला किंवा हिरव्याचा पिवळा. ती रेघ आधीं कोणाच्या नजरेस पडते, शेतकऱ्याच्या कीं कचेरींत ऊठबस असणाऱ्याच्या? सुरत-चेन्नई महामार्ग, शक्तिपीठ महामार्ग, अशीं नांवें निघालीं कीं आमच्या तालुक्यांत अनोळखी मोटारी फिरूं लागतात. मुंबई कुळवहिवाटीच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणें शेतजमीन शेतकऱ्यानेंच घ्यावी. पण कोठें तरी दहा गुंठ्यांचा सातबारा असला कीं लखपतीहि शेतकरीच. तो खेड्यांतली जमीन शेतजमीन म्हणून घेतो, शेतजमीन म्हणून चौपट भावानें विकतो, आणि खेड्यांतल्या शेतजमिनीला कर नाहीं या आमच्यासाठीं ठेवलेल्या दारानें तोच बाहेर पडतो. धंदा म्हणून खरेदी-विक्री केली तर आयकर खातें ती धंद्याची कमाई धरूं शकतें खरें. पण तें सिद्ध करायला कोण बसलें आहे? उलट हद्दीच्या आंतला दीड एकरवाला बापाच्या दवाखान्यासाठीं विकतो त्याला मात्र नोटीस येते.

आमची मागणी म्हणून सरळ आहे. रेघ हलल्यानें जो भाव चढतो तो रेघ हलली त्याच वेळीं मोजा, जो रेघेच्या आधीं चारदोन वर्षांत घेऊन मागाहून विकतो त्याच्याकडून भरपूर वसूल करा, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला सोडा. त्या वसुलांतला वाटा माळ राखणाऱ्या गांवाला द्या. त्यासाठीं नवी पेटी करायची गरज नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यांत प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिति आहे, आणि तिच्यासाठीं स्थानिक जैवविविधता निधीहि लिहिलेला आहे. पेटी आहे, कुलूप आहे. आंत पैसा नाहीं. भरपाईच्या ४७,४३६ कोटींतून गवताच्या राखणीला हेक्टरीं वार्षिक रक्कम कां बांधून मिळूं नये? ज्वारींत काळविटांचे कळप शिरतात तेव्हां शेतकरी रात्रभर पत्र्याचा डबा बडवीत बसतो. तोहि राखणदारच आहे, आणि आज तो बिनपगारी आहे.

आतां वाचकांनीं स्वतः काय करावें तें. प्रत्येक गांवाची लोक जैवविविधता नोंदवही असते. हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हां देशभर ह्या वह्या घाईघाईनें भरल्या गेल्या. ग्रामसभेंत ती वही मागा आणि मोठ्यानें वाचून घ्या. तुमचा माळ त्यांत गवताळ रान म्हणून आहे कीं पडीक म्हणून, तें बघा. पडीक लिहिलें असेल तर ठराव करून बदलून घ्या; कोणतें गवत, कोणत्या महिन्यांत कोणाचीं मेंढरें, कोठें पाणी, हें म्हाताऱ्या धनगराकडून लिहवून घ्या. वनजमिनीवर पूर्वापार चराई असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यांत मेंढपाळांच्या चराईचा हक्क मानलेला आहे. त्याचा दावा ग्रामसभेपुढेंच सुरू होतो. तुमच्या माळावर झाडें लावायचा ठराव आला तर पहिला प्रश्न हा विचारा कीं ही कोणाच्या रानमोडीची भरपाई आहे, आणि उत्तर इतिवृत्तांत लिहवून घ्या.

आणि ज्यांची जमीन शहराच्या सहा किलोमीटरांत आहे त्यांनीं विकण्याआधीं तीन गोष्टी जपाव्या. विक्रीपूर्वीं दोन वर्षें ती जमीन तुम्ही किंवा तुमचे आईबाप कसत होतां याचा पुरावा हवा. म्हणून ई-पीक पाहणी दर हंगामीं स्वतः नोंदवा, शेजाऱ्याच्या मुलाच्या मोबाईलवरून का होईना. विकल्यावर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढ्या नफ्यावर कर नाहीं, मात्र ती तीन वर्षें विकूं नये. आणि कराचा तपशील भरण्याच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाहीं, तर पैसे बँकेंत भांडवली नफ्याच्या खास खात्यांत ठेवावे. साध्या बचत खात्यांत ठेवले तर सूट हातची जाते. जमीन सक्तीनें संपादनांत गेली आणि मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं मिळाला, तर त्या मोबदल्यावर आयकर लागत नाहीं. कोणी लागतो म्हणाला, तर त्याच्याकडून तें सहीनिशीं लिहून मागावें. तो बहुतकरून पेन विसरून आलेला असतो.